वाऱ्याचा रकाना

टॉडमॉर्डन, जानेवारी. क्लबच्या वरच्या खोलीत
हीटर नुसताच कुरकुरतोय.
येत्या उन्हाळ्याला एक ऑस्ट्रेलियन वेगवान गोलंदाज हवा.
पैसे एकाचेच, तेही रॅफलच्या तिकिटांतून जमलेले.

ट्रेव्हर म्हणतो, क्वीन्सलंडचा घ्या, एकशे चव्वेचाळीसचा वेग.
कीथला न्यू साउथ वेल्सचा हवा:
उंच, देखणा, बायका मॅचला येतील.
(मी बाई आहे, अकरा वर्षं तुमची स्कोअरर आहे,
हे बोलत नाही. पेन्सिलीला टोक काढते.)

तिसरं नाव मी आणलंय. टास्मानियाचा हॅलोरन.
सरासरी अडतीस.
हसतात.

चार रात्री पाहिलंय त्याला,
लॅपटॉप पिठाच्या डब्याला टेकवून.
पंचाची टोपी उडाली. बेल्स दोनदा पडल्या,
कुणी हात न लावता.
प्रत्येक डावात याला तेच टोक,
वारा छातीवर घेऊन धावायचं,
आणि विकेटी पलीकडच्याच्या खात्यात.
तरी आपल्या विसाव्या षटकातही
पुढचा पाय त्याच खुणेवर,
बोटभर इकडे नाही.

स्कोअरबुकात वाइडला खूण आहे, बायला आहे.
वाऱ्याला रकाना नाही.

"आपल्याकडे तर दुसरं काय आहे," ट्रेव्हर पुटपुटतो.
माळाकडची काच थरथरते.
बराच वेळ कोणी बोलत नाही.
मग कीथ चष्मा पुसत विचारतो,
"हॅलोरनचं स्पेलिंग काय?"

दोन एल, मी सांगते.
माझ्या वहीत एकच ल पुरला होता.