निरोगी दाढ

लेह्तोवारा गावच्या वहीत दोन रकाने होते.
डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका.
मधली रेघ मीच मारली होती, पट्टी धरून,
सायकलवरून उतरल्या उतरल्या,
बोटं गारठलेली, म्हणून ती जराशी वाकडी.

तेव्हा फिनलंडच्या या पूर्वेकडच्या काठाला
चाळिशीतल्या बायका काळा पोशाख
कपाटात मागे सरकवत नसत.
पुढेच टांगत. लागतोच म्हणून.

वेइक्को गेला, कुऱ्हाड खोडात रुतलेली ठेवून. एकेचाळीस.
आर्वी सौनाच्या पायरीवर, एकोणचाळीस,
पाठीला बर्चचं ओलं पान चिकटलेलं तसंच.
तोइमी डेअरीच्या ट्रकमध्ये, इंजिन चालू,
गाडी शहाण्यासारखी कडेला घेतलेली.
लोकांना वाटलं, झोपलाय.

मी त्यांच्या नावांवरून लाल पेन्सिल फिरवी.
उजवा रकाना धुतलेल्या चादरीसारखा.
शहरातून डॉक्टर येत, सांगत,
बायकांचं हे उशिरा येतं, दहा वर्षं तरी मागे,
निसर्गाची सवलत आहे त्यांना.
मी मान डोलवी.
डोळ्यांना दिसतच होतं की.

मग आम्ही लोण्याच्या मागे लागलो.
पावावर बोटभर थापू नका, मिठाची बरणी टेबलावर नको,
तंबाखू तर नकोच नको.
पुरुष खुर्चीत, दंडाला पट्टा, नजर खिडकीबाहेर.
ऐकायच्या बायका. पाठमोऱ्या, भांडी घासता घासता.
नवऱ्याचा रक्तदाब त्यांना तोंडपाठ, वरचा आणि खालचा,
स्वतःचा विचारला तर हात पुसत म्हणत,
माझं काय मेलं, मी ठणठणीत.
आणि मीही पट्टा गुंडाळून पिशवीत टाकी,
अंधार पडायच्या आत पुढचं घर गाठायचं असे.

हिल्का आली मार्चमध्ये.
आर्वीची जुळी बहीण, अर्ध्या तासाने धाकटी,
आता त्याच्याहून पंधरा वर्षांनी थोरली.
म्हणाली, डाव्या जबड्यात ठणकतं.
दुधाचे कॅन उचलले की जास्त, चढावर जास्त.
आणि थकवा, अंगात ओली वाळू भरल्यासारखा.
चढावर जास्त, हे ती बोलली होती.
मी ऐकलं होतं.
लिहिलं मात्र : दाढ.
दंतवैद्याच्या नावाने चिठ्ठी दिली.

त्याने काढली. फार जोर लागला म्हणे,
मुळं घोड्याच्या दाढेसारखी घट्ट.
जागा रिकामी झाली,
दुखणं तिथेच राहिलं.

अकराव्या दिवशी ती गोठ्यात खाली बसली
गाईच्या पोटाला टेकून.
गाय हलली नाही म्हणून मी वाचले, असं ती सांगते.
डॉक्टर वेगळं सांगतात.

सप्टेंबरात आली, पायऱ्यांवर दोनदा थांबत.
टेबलावर काड्यापेटी ठेवली, उघडली.
दाढ. एक काळा ठिपका नाही.
म्हणाली, आर्वीचं तू त्याच दिवशी लिहिलंस,
हिचीही नोंद कर कुठेतरी.
रागावली नव्हती. कॉफी मागितली,
बशीत ओतली, दातांत साखरेचा खडा धरला
उजव्या बाजूला.

मी वही काढली.
लाल पेन्सिल तर गेलेल्यांची,
आणि ही समोर बसून फुर्र फुर्र कॉफी पितेय.
म्हटलं, हात पुढे कर.
ती म्हणाली, माझा आता सगळेच बघतात.
तुझा कोणी बघितलाय?

पंधरा वर्षं ती पिशवी माझ्या खांद्याला होती.

हिल्काने पट्टा बांधला, आधी उलटा, मग सुलटा.
मी सांगत गेले तशी ती रबरी फुगा दाबत गेली,
गाईची धार काढल्यागत, लयीत.
वही उघडीच होती.
दोघी काट्याकडे बघत राहिलो.