गेटचं रजिस्टर

निमजे सर म्हणायचे,
नफा नंतर पाहा पोरी, आधी लाइटबिल पाहा.
बुटीबोरीचा तो कारखाना, उत्पादन दीडपट
आणि मीटर गेल्या वर्षीएवढंच फिरलेलं.
यंत्रं काय उपाशीपोटी राबली?

तेव्हापासून माझे वीस एप्रिल
कूलरमध्ये पाणी ओतण्यात आणि वह्या चाळण्यात गेले.
प्रत्येक धंद्याची लबाडी वेगळी,
जसं प्रत्येक घरचं वरण.

जिनिंगवाले गाठींच्या वजनात पाणी मोजतात.
कोळशाचा ढीग वरून काळाकुट्ट,
सळई खुपसली की हातभर खाली मुरूम.
बिल्डर लिहितो, काम बहात्तर टक्के पूर्ण,
अन् बेसा रोडला पाचव्या मजल्याच्या जागी
नुसत्या सळया, सळयांवर कावळे.
मिहानमधल्या काचेच्या ऑफिसनं तर
न केलेल्या कामाची बिलं धाडली परदेशी गिऱ्हाइकाला,
ज्याचा पत्ता शोधत गेले
तर साहेबांच्या मेव्हण्याचा फ्लॅट, प्रतापनगर.
दाराला बेल होती. वाजत नव्हती.

खरे आकडे मळके असतात.
त्यांना सात रुपये चाळीस पैशांचं शेपूट असतं,
एखाद्या महिन्यात लंगडतात, दिवाळीनंतर आडवे पडतात.
खोटे न्हाऊनमाखून येतात,
दर तिमाहीला थोडे वर, थोडेच वर,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरांसारखे
हाताची घडी घालून.

यंदा काटोल रोडची, संत्र्याच्या रसाची कंपनी.
एकतीस मार्चला साठ ट्रक माल गेला, एकाच दिवसात.
बिलं कोरी करकरीत, सह्या ठसठशीत.
हिशेबनीस घोरमाडे यांनी चहा मागवला,
बिस्किटं मागवली,
माझ्याकडे पाहिलं नाही.
गठ्ठ्यात सर्वांत खाली
कोणी न मागितलेलं गेटचं रजिस्टर.
चुकून आलं का, मी विचारलं नाही.

एकतीस मार्च:
दूधवाला. पाण्याचा टँकर. साहेबांची गाडी, दोनदा.
एक कुत्रं आत शिरलं, हाकललं.
बस.

गेटवर स्टुलावर साधुराम उईके, डोक्याला ओला दुपट्टा.
हे तुम्हीच लिहिता?
"आला त लिवला. नाही आला त नाही लिवला."
मग जरा थांबून,
"काही चुकलं काय मॅडम?"

नाही म्हटलं.
त्याचं कंत्राट जूनमध्ये संपतं.
घोरमाड्यांची धाकटी बारावीला आहे, टेबलावर फोटो होता.

मी टोलनाक्याची नोंद मागवली,
वजनकाट्याच्या पावत्या, डिझेलचा हिशेब.
आठ दिवस जास्त लागले.
साक्षीला दुसरं कुणी हवं होतं,
ज्याला नोकरी नाही, पोरंबाळं नाहीत.

रजिस्टर होतं तिथंच ठेवलं, सर्वांत खाली,
गठ्ठ्याची दोरी पुन्हा बांधली.
घोरमाड्यांनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.