गल्लीची रुंदी

सुनावणी अकराची, पंखा बाराला लागला.
तोवर सतरा हरकती घामानं
एकमेकींना चिकटून बसलेल्या.

मी इतिवृत्त लिहितो. म्हणजे
कोणी रडलं तर "भावना व्यक्त केल्या",
कोणी टेबल आपटलं तर "तीव्र हरकत नोंदवली",
आणि कोणी नुसतंच बघत बसलं
तर ते कुठंच येत नाही.

विषय साधा. शाळेचं पुढचं फाटक रस्तारुंदीत जातंय,
तेव्हा ते मागच्या गल्लीत उघडायचं,
मैदानाच्या तुकड्यावर सहा वर्ग चढवायचे.
नकाशावर गल्ली चार मीटर वीस.
नकाशा मीच ट्रेस केलेला,
सरळ रेघा मला चांगल्या येतात.

मल्लेशम बोद्धूल उभे राहिले. मोठ्यानंच बोलतात,
जन्म मागाशेजारी गेलाय.
"आमचं माग आधीचं, साहेब. शाळा नंतर आली.
फाटक येऊ द्या की, पोरं आमचीच.
पण उद्या कोण तरी म्हणणार आवाज होतोय,
परवा म्हणणार माग उचला.
तेवढं लिहून द्या. आवाज आधीचा आहे म्हणून."

लिहिलं : ध्वनीबाबत शंका उपस्थित केली.

हत्तुरे बाई, मुख्याध्यापिका, फाईल छातीशी धरून :
"मागच्या वर्गातली मुलं पाढे
खटक-खटकच्या ठेक्यावर म्हणतात.
वीज गेली की एकोणीसाच्या पाढ्यात अडकतात."
सगळे हसले. हसण्याला रकाना नाही.

"पाणी पाचव्या दिवशी येतंय,"
अंबव्वा कुडक्याल म्हणाल्या, बोटांना तंबाखूचा वास,
"त्या दिवशी घागरी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
रिक्षा कुठनं नेणार? माझ्या डोक्यावरनं?"
दस्तगीर नदाफ कोपऱ्यातनं, "मावशीच्या घागरीला
हात लावायची माझी टाप नाही ओ.
आणि माझ्या रिक्षात नऊ पोरं असतात."
"सहा," साहेबांनी दुरुस्त केलं.
"सहा," तो म्हणाला.

मग स्थळपाहणी.
टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं
पाचवी ब मधल्या स्रवंतीनं मागून घेतलं.
ओटे, पायऱ्या, भिंतीला टेकवलेली सायकल,
दोरीवरचे ओले टॉवेल,
सगळं वजा जाता तीन मीटर पासष्ट.
"किती भरलं?"
सांगितलं.
"आत्ता सकाळ आहे म्हणून," ती म्हणाली,
"दुपारी एवढी नसते."

लहान आहे, म्हटलं.
पण जिना मोजता मोजता साडेबारा झाले, शाळा सुटली.
चैत्राचं ऊन, डांबर चपलेला सोडेना.
पोरं एकामागं एक, दप्तर भिंतीला घासत,
सावलीच्या काठानं निघाली.
काठ जेमतेम दोन फूट.
त्याच दोन फुटांत अंबव्वांचं सूप,
डबा उघडून बसलेला बोद्धूलांचा कांडीवाला,
जीभ काढून पडलेलं कुत्रं,
आणि पोरं सगळ्यांवरून पाय उचलून टाकत.
उरलेली गल्ली पांढरीफटक,
कायद्यानं मोकळी.

नियमावलीत रुंदी म्हणजे भिंत ते भिंत.
मी शेऱ्यात पेन्सिलनं लिहिलं :
वापरातील रुंदी, दुपारी साडेबारा, दोन फूट.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे काय?"
"हरकत क्रमांक अठरा."
"कुणाची?"
"पाचवी ब."
"मुदत संपली. आणि सही?"
मुदतीचं ते बघतो म्हणाले, सही मात्र पालकांची आण.

गेलो, तर पाण्याचा दिवस.
स्कूटर तोंडाशीच लावली,
कागद दातात धरून घागरी ओलांडत निघालो,
पितळी, प्लास्टिकच्या, रंगाचे रिकामे डबे.
स्रवंतीचं दार अजून चार घरं पुढं होतं
तेव्हा एका घागरीला पाय लागला.
पाणी निम्मं सांडलं, मातीत लगेच दिसेनासं झालं.

अंबव्वा काही बोलल्या नाहीत.
नुसत्या बघत बसल्या.