भोक क्रमांक तीन

जुळे सोलापूरच्या पुढं, नाल्याकाठचा प्लॉट.
तिपाई, दोर, साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा.
पाऊण मीटरवरून सोडायचा आणि मोजायचं.
पहिले पंधरा सेंटिमीटर हिशेबात धरत नाहीत,
नव्या पाहुण्याचं दारातलं बोलणं
कुणी मनावर घेत नाही, तसं.

भोक एक: काळी माती दोन मीटर, भेगा अशा
की इराप्पाची काडेपेटी आत गेली ती गेलीच.
मग मुरूम. मग पन्नास फटके,
आणि दगड म्हणाला, बास.
भोक दोन: तेच.

तिसऱ्याला इराप्पा दोर धरून थांबला.
"मॅडम, हितं वाजंना हो."
एक फटका. दुसरा.
नळी आपली आपणच खाली गेली,
झोपेत पायरी चुकावी तशी.

वर आली ती राख. ओली, करडी,
कुठल्याशा गिरणीच्या बॉयलरची असावी.
तिच्यात लाकडी बॉबिनचा अर्धा तुकडा.
इथं विहीर होती म्हणजे.
सातबाऱ्यावर नाही, नकाशावर नाही.
कुणीतरी बुजवली,
आणि बुजवली हे सांगायचं राहून गेलं.

उंबरजे बिल्डर गाडीतूनच म्हणाले,
तिन्हींची सरासरी काढा की.
सरासरी चांगलीच येते, साहेब.
पण त्या कोपऱ्यातला खांब
सरासरीवर उभा राहणार नाही.

राख बाटलीत भरली. घट्ट बसली,
वर रुपयाचं नाणं उभं राहिलं.
बाटली त्यांच्याच बोनेटवर ठेवून
मी तळहातानं ठोकत राहिले, हळूहळू.
विसाव्या ठोक्याला पाणी वर आलं,
नाणं कललं,
मग दिसेनासं झालं.
काच वर करत ते म्हणाले,
"सोलापुरात कुठं होतोय भूकंप?"

माझे वडील, नरसय्या कोडम. पूर्व भागात चार माग.
आमची जमीन दिवसभर हलायचीच.
चहावर वर्तुळं उठायची, फडताळात भांडी बोलायची,
त्या फरशीवर पाय टेकून मी पाढे पाठ केले.
मग त्र्याण्णवची ती पहाट, विसर्जनाची रात्र उलटलेली.
भांडी वाजली. वडील झोपेतच तेलुगूत ओरडले:
माग कुणी सुरू केला?
मागांना सुट्टी होती. मेन स्विच खाली होता.
धोटा मात्र हलत होता, कुणी हात न लावता,
थोडा इकडं, थोडा तिकडं.
किल्लारीचं नाव आम्हाला नंतर कळलं.
अजूनही ते कुणाच्या घरी गेले
की आधी फरशीला तळवा लावतात,
चालू आहे की बंद, बघितल्यासारखे.

अहवालात लिहिलं:
भोक तीन, खोली साडेचार मीटर, फटके दोन.
पाया राखेच्या खाली, दगडापर्यंत न्यावा.
खर्चाचा आकडा लिहिला. खोडला नाही.
उंबरज्यांचा फोन अजून नाही.

इराप्पा तिपाई सोडतोय, दोर गुंडाळतोय,
आणि भोकाशी उकिडवा बसून विचारतोय,
"बुजवू नव्हं? काय टाकू ह्यात?"