खिळा न मारता

करारात कलम सातवं: भिंतीला खिळा मारायचा नाही.
रमणिकभाईंनी सही करताना तोंडीही सांगितलं,
चष्म्यावरून बघत, "जुओ भाई, एक पण खीलो नहीं,"
जणू सासरी निघालेल्या लेकीबद्दल बोलत होते.

मग पडदा टांगायचा कुठं?
वैजूनं आहेरातली पांढरी चादर काढली,
दोनदा इस्त्री फिरवली
आणि मांजलपूरच्या या दोन खोल्यांत
कपाटाच्या डोक्यावरून खाली सोडली.
वर दाबाला दोन विटा, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पंखा लावला की पडद्यावरची माणसं
पोटातून हलणार.
हलू देत.

प्रोजेक्टर इस्त्रीच्या टेबलावर.
वायरी चटईखालून, आणि चिकटपट्टी तीच
जी रंग उपटत नाही अशी दुकानदाराची शपथ.
एका कोपऱ्यात शपथ मोडली,
तिथं आता चपलांचं कपाट आहे.
सबवूफर खालच्यांच्या छतात शिरू नये म्हणून
चौघडी गोधडीवर बसवला,
ताप आलेल्या पाहुण्यासारखा.

मागची भिंत घुमत होती.
कुणीतरी म्हणालं, अंड्यांचे ट्रे लाव.
सोसायटी शुद्ध शाकाहारी.
रात्री साडेदहाला फतेगंजहून
ब्लँकेटच्या पिशवीत चाळीस रिकामे ट्रे घेऊन आलो
तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या तरुलताबेन.
"शुं लाव्या?"
"गोधडी," म्हणालो.
मे महिना होता.

ट्रेनाही खिळा नको, म्हणून वैजूनं ते
जुन्या गादीच्या खोळीवर दाभणानं शिवले
आणि खोळ दाराच्या आडण्यावर टाकली.

मग मशीननं शांतता मागितली.
बसल्यावर जिथं कान येतात, तिथं माईक ठेवा.
तिवई नव्हती. डाळीचा डबा,
त्यावर पोळपाट, त्यावर उपडी वाटी, वाटीवर माईक.
पंखा बंद. फ्रिज बंद.
घाम कानामागून मानेत.
एकेक स्पीकर शीळ घालून गप्प होई
आणि दोन शिळांच्या मध्ये
या घराचा आवाज पहिल्यांदा ऐकला:
नळाचा थेंब, विश्वामित्रीकडची मालगाडी,
वरच्या हिंचक्याची कडी, करकर, थांब, करकर.
तेवढ्यात वैजूचं पोट गुरगुरलं.
आम्ही हसलो.
मशीन म्हणालं, आवाज फार आहे, पुन्हा करा.

दुसऱ्या खेपेला निकाल आला.
डावा सात फूट, उजवा साडेसहा,
मागचे दोन चार-चार.
गोधडीवरचा बारा.
बारा कसा? टेप लावली, सहा भरले.
पुन्हा लावली, सहाच.
पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं:
काळजी नको. ज्याला पोचायला उशीर होतो
त्याला मशीन लांब समजतं,
आणि जवळच्यांना तेवढं थांबवून धरतं,
म्हणजे सगळे एकदम पोचतात.

वैजू म्हणाली, "म्हणजे तू.
याच खोलीत असतोस,
आणि हाक मारली की बारा फुटांवरून येतोस."

मी वायर गुंडाळत होतो.

"बघ," ती म्हणाली, "आत्तासुद्धा."

रात्री सिनेमा लावला.
माणसं पोटातून हलली, घोडेही हलले,
एक अख्खं वाळवंट आहेराच्या चादरीवर
सुरकुतीपाशी अडखळून पुढे गेलं.
अर्ध्या तासानं वरचा हिंचका थांबला.
मी रिमोट घेतला, आवाज दोन घरं खाली आणला.
आता येतील, गोधडीची चौकशी करायला.
वैजूनं रिमोट काढून घेतला.
"राहू दे. ऐकत असतील."

चहासाठी आम्हीच मध्यंतर केलं,
तेव्हा कुठं वर कडी वाजली.