दुसऱ्या टाकीतलं पाणी

दुपारचे अडीच वाजलेत आणि दिवस संपलाय.
बाहेर विंडेल नदी दगडासारखी पडून.
शेडमध्ये तापलेल्या राळेचा वास,
आणि पंपाची घरघर, दातांत जाणवणारी.

टोरबोर्ग पोतं उघडते.
बिर्गेरने पाइनच्या शेंड्यांवर चढून काढलेले शंकू
भट्टीत उमलले, पंख झडले, आता नुसतं बी उरलंय.
काळं, करडं, तपकिरी. तांदळाच्या कणीएवढं.
किलोभरात दोन लाख.

"एलोफ, बघून सांग, यातलं मेलेलं कुठलं?"
मी चिमूट उचलतो, दिव्याखाली धरतो.
हे करडं? नाही. मग हे, सुरकुतलेलं?
ती हसत नाही. एकतीस वर्षांत तिने
डोळ्यांवर विसंबणं सोडून दिलंय.

पहिली टाकी पोलादाची, झाकण घट्ट.
पंप आतली हवा ओढून घेतो, मग सोडतो.
ज्यांच्या कवचाला यंत्रात केसाएवढी चीर गेली
ते घटाघटा पाणी पितात
आणि बुडतात.
वर राहतं ते धड.
सोपं आहे, मला वाटतं. बुडाला तो संपला.
आजोबाही नदीबद्दल हेच सांगायचे.

मग तीन दिवस हे धड बी ओल्या उबेत झोपतं.
टोरबोर्ग रात्रीची उठून येते,
ड्रममध्ये हात घालते, कणीक मुरली का बघावं तसा.
चौथ्या दिवशी वारा द्यायचा. फार नाही.
किती, ते ती घड्याळाला विचारत नाही:
मूठ मिटते, उघडते,
तळव्याला किती दाणे चिकटून राहिले ते बघते.
"आता."

दुसरी टाकी काचेची, माझ्याहून उंच.
इथे सगळं उलटं.

पाणी दोघांनीही घेतलं होतं,
जिवंताने आणि मेलेल्याने, अगदी सारखंच.
वाऱ्याने परत मागितलं तेव्हा मेलेल्याने देऊन टाकलं.
त्याला ठेवून काय करायचं होतं?
तो हलका झाला, वर राहिला.
जिवंताने मूठ सोडली नाही
आणि त्या वजनाने
सावकाश, गिरक्या घेत
तळाशी गेला.

तरले ते मेले. बुडाले ते तरले.
मी हे दोनदा मोठ्याने म्हणतो, जीभ अडखळते.
पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

तळाचा काळा थर चढत जातो.
तो रोपवाटिकेला: एका खाचेत एक दाणा,
एकही खाच रिकामी जाता कामा नये.
वरचं बादलीत.
बादली बॉयलरमध्ये.

पण निघताना, कोटाची एक बाही घालून झाल्यावर,
टोरबोर्ग बादलीतले शंभर दाणे मोजून घेते,
वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधते.
मी नजर वळवतो. दया कुणी करत असेल
तर तिच्याकडे टक लावून बघू नये.

मार्चमध्ये तिच्या स्वयंपाकघरात गेलो,
तर खिडकीत दुधाचा कापलेला खोका
आणि त्यात चार हिरवे केस,
कवचाची टोपी अजून डोक्यावर.
"पण हे मेलेले होते."
"आपण म्हणालो म्हणून."
तिने वही ओढली, तारखेपुढे आकडा घातला: ४.
त्याच्या वर ३. त्याच्या वर ७.
"तेव्हा ताप होता मला. जास्त सुकवलं."
पानामागून पान, पेन्सिलीने,
एकाखाली एक, स्वतःच्या चुका.

दया नव्हतीच. हिशेब होता.
मला जरा लाज वाटली, आणि थोडी निराशाही,
का ते अजून नीट सांगता येत नाही.

"आणि आता या चौघांचं?"
ती कॉफी गाळत होती. हनुवटीनेच दाखवलं,
लाकडांच्या खोपटामागे.

गेलो. रांग नव्हती, अंतर नव्हतं,
काही माझ्या खांद्याला, काही छपराच्या वर,
एकाचा शेंडा मोडून बाजूच्या फांदीने वर जायचं ठरवलेलं.
सव्वीसपर्यंत मोजले.
बर्फ मांडीपर्यंत होता,
त्याखाली आणखी किती, कळायला मार्ग नव्हता.