मुक्त स्थितीत

फळ्यावर लिहिलं: सोने निसर्गात मुक्त स्थितीत आढळते.
खाली लिहिलं: लोखंड, जस्त, शिसे, संयुगांत बांधलेले.
मग खडू झटकत, जरा सैलावून म्हणालो,
आपल्या जळगावात यातलं काहीच नाही.
काळा कातळ आहे. त्यात लोखंड आहे म्हणा, कणाकणानं,
गिरणेच्या वाळूतून लोहचुंबक ओढलं
तर त्याला मिशा फुटतात,
पण तेवढ्यावर कुणी भट्टी पेटवत नाही.
आणि सोनं? ते आपल्याकडे फक्त दुकानात आढळतं.
वर्ग हसला.

तिसऱ्या बाकावरून उखर्डू झारे उठला.
"आढळतं सर. पहाटे. गटारीत."

उखर्डू: आधीची दोन गेली,
म्हणून याला जन्मताच उकिरड्यावर ठेवला
आणि शेजारणीला सूपभर कोंडा देऊन
परत विकत घेतला.
हजेरीत हे नाव मी जरा घाईनंच उच्चारायचो.

पौषाच्या थंडीत गेलो एकदा बघायला.
सराफ बाजार मिटलेला, पायऱ्यांवर कुत्री.
त्याची आई, गोजराबाई, उकिडवी बसून
फरशीच्या फटींतून कुंचा फिरवत होती,
जसं कुणी झोपल्या पोराचे कान पुसावेत.
केस, विड्यांची थोटकं, राख,
कारागिराच्या चटईखालची धूळ,
त्याच्या हात धुतल्या पाण्याचा गाळ.
"पुस्तकात याला धातुक म्हणतात," मी म्हणालो.
"आम्ही माटी म्हंतस," ती म्हणाली.

घरामागे तिनं ती माती आधी जाळली.
(भाजणे, मी मनात म्हटलं.)
मग कुटली, चाळली, लाकडी परातीत घेतली
आणि पाण्यात गोल, गोल,
हलकं ते काठावरून जाई, जड ते तळाशी राही.
(गुरुत्वीय विलगीकरण. दोन गुण.)
एवढ्यात उखर्डूनं लोहचुंबक फिरवून
कानशीचा लोखंडी कीस उचलून नेला,
माझ्याकडे न बघता.

मग पारा.
अंगठ्यानं चोळला त्या काळ्या चिखलात,
जे शोधायचं ते त्यानं गिळलं.
फडक्यातून पिळला तेव्हा उरला
बोराएवढा राखाडी गोळा.
मुशीत घातला, निखाऱ्यांवर ठेवला.
पारा उडू लागला.

मी दोन पावलं मागे सरलो.
ती फुंकणी घेऊन पुढे वाकली.
"वाफ घेऊ नका," मी म्हणालो, "विषारी असते."
"तिले वासच नही शे, सर."

तेजाबानं चांदी विरघळली, सोनं राहिलं.
त्या हिरवट पाण्यात तांब्याची पट्टी सोडली
तर चांदीही परत आली, गोधडीच्या कापसासारखी.
सगळं परत येत होतं.
तळहातावर तिनं मणी ठेवला: दीड गुंज.
आठ दिवसांची झाडलोट, अर्ध्या बाजाराची.
कुणाच्या पाटल्यांची झीज होती ती,
कुणाच्या अंगठीतली,
माझ्याही असेल, लग्नात मी ती दोनदा वाढवून घेतली होती.

निघताना चहा दिला.
बशी तिच्या हातात वाजत होती, कपासकट,
आणि तिनं ती पदरानं धरली,
जणू बशीच थरथरत होती.
पारा कुठे जातो,
हे आमच्या पुस्तकाच्या त्या धड्यात नव्हतं.

वार्षिक परीक्षेला प्रश्न आला:
मृदा अशुद्धी म्हणजे काय?
उखर्डूनं लिहिलं होतं:
"फेकण्याआधी आई जी पुन्हा एकदा बघते, ती."

एक गुणाचा प्रश्न.
मी अर्धा दिला.
तीस वर्षं झाली, निवृत्तीही झाली,
ते अर्धं अजून माझ्याकडेच आहे.